काटा अडकला की मन उडतं: वजन उतरवण्याच्या लांबच्या पल्ल्यात काय धरून ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, दिवस बहुतेक बसून जातो. पाच महिन्यांपूर्वी वजन ८२ किलो होतं. पहिल्या तीन महिन्यांत ७ किलो उतरलं. गेले दोन महिने काटा ७५ च्या आसपास घुटमळतोय, गाठायचं आहे ६२, आणि आता सकाळी चालायला उठावंसंच वाटत नाही. श्रावण तोंडावर आलाय. सुरुवातीचा उत्साह परत कसा आणायचा?

तो उत्साह परत आणायच्या मागे लागू नका. तो दोन गोष्टींवर चालत होता: नवेपणा आणि दर आठवड्याला खाली येणारा आकडा. नवेपणा संपला, आणि आकडा इथून पुढे त्या वेगाने उतरणार नाही. पुढच्या महिन्यांची घडी अशी बसवायला हवी, की अजिबात मन नसलेल्या दिवशीही ती मोडणार नाही. पण त्याआधी काटा का अडकला ते नीट समजून घ्या. कारण बहुतेक जण या टप्प्यावर "माझ्यातच चिकाटी नाही" असा निष्कर्ष काढतात आणि सोडून देतात. प्रत्यक्षात तिथे चिकाटीपेक्षा साध्या बेरीज-वजाबाकीचा प्रश्न असतो.

वजाबाकी अशी. ८२ किलोला तुमच्या वयाच्या, उंचीच्या, बैठं काम करणाऱ्या बाईचा दिवसाचा खर्च सूत्राने साधारण २००० कॅलरी येतो. ७५ किलोला तोच खर्च १९०० च्या आसपास येतो, कारण लहान शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते. शिवाय वजन उतरलं की शरीर थोडी जास्तीची काटकसर करतं. नकळत हालचाल कमी होते, उठबस कमी होते, लिफ्ट जास्त वापरली जाते. ही काटकसर धरली तर खरा खर्च १८०० च्या जवळ येतो. तुम्ही सुरुवातीला १५०० खात असाल तर तेव्हा रोज ५०० ची तूट होती, आज तेच खाऊन ३०० ची आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. म्हणजे ३०० च्या तुटीने आठवड्याला जेमतेम पाव किलो उतरणार. आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे झपाट्याने उतरलं त्यात बरंच पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, आणि खाणं कमी झालं की ते दोन्ही आधी जातं. त्या वेगाशी आजची तुलना करून निराश होण्यात अर्थ नाही.

आता उरलेली ३०० ची तूटही कुठे गेली? ती हळूहळू भरून निघते. तिसऱ्या महिन्यानंतर मापाचा चमचा ड्रॉवरमध्ये जातो आणि अंदाज सुरू होतो. कोशिंबिरीवर दाण्याचं कूट "थोडंसं" म्हणजे दोन मोठे चमचे, २० ग्रॅम, ११० कॅलरी. मुलांच्या ताटातली अर्धी पोळी ५०. ऑफिसमधला तिसरा चहा, दोन चमचे साखरेचा, ७० ते ८०. संध्याकाळी स्वयंपाक करता करता मूठभर फरसाण १५०. यातलं काहीच "खाल्लं" म्हणून लक्षात राहत नाही, आणि बेरीज मात्र ३०० च्या वर जाते. म्हणून काटा अडकला की पहिलं काम एकच: सात दिवस सगळं लिहायचं, वजन-मापासकट. कायमचं नाही, सातच दिवस. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पाच-सातशे रुपयांत मिळतो. तांदूळ, कणीक, दाणे, चीज, सुकामेवा या पाच गोष्टी त्यावर मोजा. पालेभाजी मोजत बसू नका.

तेलाचा हिशेब घरापुरता वेगळा आणि सोपा आहे. महिन्याला किती तेल येतं ते बघा. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर संपत असेल, तर माणशी रोज साधारण ४२ मिलिलिटर झालं, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच ३ लिटरवर आणलं तर माणशी २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २०० कॅलरी. वेगळा स्वयंपाक नाही, कुणाला उपाशी ठेवणं नाही, आणि रोजच्या १४० कॅलरी गेल्या. पद्धत अशी: पहिल्या तारखेला ३ लिटर वेगळ्या बरणीत काढा आणि फोडणी पळीने न घालता चमच्याने घाला. विसाव्या तारखेला बरणीकडे बघितलं की घरातल्या सगळ्यांना अंदाज येतो. दिवाळीच्या महिन्यात तळणाचं तेल वेगळं धरा, नाहीतर हिशेब बिघडतो.

काटा वाचणं हा स्वतंत्र विषय आहे आणि मन सर्वांत जास्त इथेच मोडतं. वजन रोज करावं की आठवड्याला? ज्यांना आकडा बघून दिवस खराब होतो त्यांनी आठवड्यातून एकदा. बाकीच्यांनी रोज, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, त्याच कपड्यांत, काटा त्याच फरशीवर ठेवून. पण रोजच्या आकड्यावरून काहीही ठरवायचं नाही. सात दिवसांची सरासरी काढायची आणि फक्त ती मागच्या सरासरीशी ताडायची.

एक उदाहरण पाहा. पहिल्या आठवड्यात सोमवार ते रविवार असे आकडे आले: ७५.४, ७५.१, ७४.९, ७५.०, ७४.८, ७४.७, ७५.९. शनिवारी रात्री बाहेर जेवण झालं म्हणून रविवारचा आकडा चढलाय. दुसऱ्या आठवड्यात: ७६.१, ७५.२, ७४.६, ७४.३, ७४.२, ७४.१, ७४.३. रविवारी सकाळी मिसळ, संध्याकाळी पाणीपुरी, म्हणून सोमवारी ७६.१. जी बाई फक्त सोमवारी काट्यावर उभी राहते तिला दिसतं की वजन ७०० ग्रॅम वाढलं, आणि ती त्या संध्याकाळी चालायला जात नाही. पण सरासरी पहिल्या आठवड्याची ७५.१ आहे, दुसऱ्याची ७४.७. चारशे ग्रॅम उतरलेत, आणि उत्तम वेगाने उतरलेत. मिठाचं, मैद्याचं जेवण शरीरात पाणी धरून ठेवतं. ते दोन-तीन दिवसांत निघून जातं. एका रात्रीत ७०० ग्रॅम चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर पाच हजारांहून अधिक कॅलरी खाव्या लागतील. मिसळ आणि पाणीपुरीत त्या नसतात.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात एक-दीड किलो पाणी साठणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे बायकांनी या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी न ताडता मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी ताडावी. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊ लागली असेल तर चार-चार आठवड्यांची सरासरी धरा. काटा "अडकला" हा शब्द चार आठवड्यांची सरासरी हललीच नाही तरच वापरायचा. नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंतही काही दिवस पाणी धरलं जातं, तेव्हाही काट्यावर विश्वास ठेवू नका.

काट्याच्या जोडीला टेप ठेवा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता, पंधरा दिवसांतून एकदा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांसाठी ९० च्या वर पोटाचा घेर धोक्याचा मानतात. वजन जागेवर असताना घेर दोन सेंटिमीटर कमी झाला तर काम चालू आहे असं समजा. आपल्या शरीरात घेराला एवढं महत्त्व का, याचं एक ठळक उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे दोघांच्या फोटोसकट छापून आलं. आपण बारीक दिसत असतानाही पोटात चरबी बाळगतो. त्याची दुसरी बाजू अशी, की पोटातली चरबी वजन उतरायला लागलं की लवकर कमी होते. ६२ ची वाट न बघता फायदा आधीच सुरू होतो.

तुमच्या बाबतीत तर तो सुरू झालाच आहे. ८२ पैकी ७ म्हणजे साडेआठ टक्के. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, २००२ मध्ये निकाल आला त्यात, ध्येय होतं फक्त ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. म्हणजे त्या अभ्यासात सहभागी लोकांना जे गाठायला सांगितलं होतं ते तुम्ही गाठून पुढे गेला आहात. पाच महिन्यांपूर्वीचे रिपोर्ट असतील तर आता एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब पुन्हा तपासा. एचबीए१सीमध्ये मागच्या तीनेक महिन्यांची साखर दिसते, त्यामुळे हीच वेळ योग्य आहे. काटा काही बोलत नसताना हा कागद बोलतो. मन टिकवायला याच्याइतकी भक्कम दुसरी गोष्ट नाही.

६२ हा आकडा काही महिने विसरा. उरलेले १३ किलो मनात धरलेत तर प्रत्येक अर्धा किलो क्षुल्लक वाटणार. पुढचा मुक्काम ७१. वाजवी वेग आठवड्याला २५० ते ३०० ग्रॅम, म्हणजे सणांचे दिवस वगळून तीन-चार महिने. तिथे पोचल्यावर एक महिना वजन फक्त टिकवायचं, मग पुढचं ठरवायचं. ६८ ला साखर, रक्तदाब, गुडघे, झोप सगळं ठीक असेल तर ६२ गाठलंच पाहिजे असं अजिबात नाही.

आणि वजन कशासाठी उतरवायचं ते पुन्हा एकदा तपासा. भाचीच्या लग्नात साडी नेसायची म्हणून सुरू केलेलं काम लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संपतं. "नवरा म्हणतो म्हणून" सुरू केलेलं त्याच्याशी पहिल्या भांडणात संपतं. टिकतं ते स्वतःच्या रोजच्या जगण्यातलं कारण, आणि ते मोजता येईल असं हवं: वेताळ टेकडीवर न थांबता चढता येणं, मेट्रोचा जिना धाप न लागता चढणं, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्धी करणं, जमिनीवर बसून हात न टेकता उठणं. यातली दोन निवडा, आज ती कितपत जमतात ते लिहून ठेवा आणि दर महिन्याला तपासा.

आता मन नसलेल्या दिवसांची तजवीज. त्यासाठी दोन पातळ्या ठरवून ठेवाव्या लागतात. चांगल्या दिवसाची: ४५ मिनिटं भरभर चालणं, ठरलेलं जेवण, रात्री अकराला झोप. आणि वाईट दिवसाची, म्हणजे काहीही झालं तरी होणारच अशी किमान पातळी: १० मिनिटं चालणं, एका जेवणात भरपूर प्रथिन, आणि सकाळी काट्यावर उभं राहणं. किमान पातळी इतकी खाली ठेवा की ताप सोडून कशानेही ती चुकू नये. लोक नेमकं उलटं करतात. किमान म्हणूनच एक तास ठरवतात, पाऊस आला की शून्य होतं, तीन दिवस शून्य झालं की "आता सोमवारपासून" सुरू होतं. लंडनमध्ये सवयींवर झालेल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेळ लागला. एवढा फरक. पण एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. दोन दिवस सलग चुकू द्यायचे नाहीत, एवढाच नियम पुरतो.

दुसरी तजवीज म्हणजे अडचणीसाठी उत्तर आधीच ठरवून ठेवणं. "प्रयत्न करीन" असं नाही, तर "असं झालं तर हे करीन" असं, ठिकाण आणि वेळ घालून. हिंजवडीहून निघायला साडेसात वाजले तर टेकडी रद्द, जेवणानंतर सोसायटीच्या आवारात २० मिनिटं. पाऊस असेल तर पार्किंगमध्ये फेऱ्या, नाहीतर इमारतीचा जिना चार मजले पाच वेळा. गुडघा दुखत असेल तर उतरताना लिफ्ट. ऑफिसात चारला समोसे आले तर ड्रॉवरमधले ३० ग्रॅम फुटाणे आणि ताक, आणि समोसा हवाच असेल तर अर्धा, पण जागेवर न आणता तिथेच उभ्याने खाऊन परत. रात्री नऊनंतर घरी पोचलं तर मोबाइलवरून मागवायचं नाही. फ्रिजमध्ये मोड आलेली मटकी आणि उकडलेली अंडी तयार असतात, दहा मिनिटांत जेवण होतं. अशी पाच-सहा उत्तरं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. थकलेल्या माणसाला त्या क्षणी विचार करायला लावलं तर तो नेहमी सोपंच निवडणार.

घराबद्दल. आपल्याकडे बाईने वेगळं काही खायचं ठरवलं की ती दोन स्वयंपाक करते: घरच्यांचा एक, स्वतःचा एक. हे तीन महिने चालतं, मग अंग मोडतं आणि आहार सुटतो. स्वयंपाक एकच ठेवा, ताट बदला. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव ताट उसळ, वरण, अंडी किंवा मासा यांचं, पाव ताट पोळी, भाकरी किंवा भाताचं. ज्वारीची भाकरी आणि भात दोन्ही नको, एक निवडा. सासूबाई किंवा आई वाढत असतील तर भाताचा डाव लहान ठेवा. आग्रह होणारच, तो प्रेमाचा आहे, त्याच्याशी भांडून काही मिळत नाही. "नको" म्हटलं की आग्रह वाढतो. "कोशिंबीर अजून वाढा ना" म्हटलं की वाढणाऱ्याचंही समाधान होतं आणि ताटही भरतं. गोड आणलंच असेल तर "आत्ता पोट भरलंय, डब्यात द्या" हे पुण्यात सगळीकडे चालतं. आणि "किती वाळलीस, बरं नाहीये का?" असं नात्यातलं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या डोळ्यांना ८२ ची सवय झालेली असते, आणि ती जायला वेळ लागतो.

श्रावण ते दिवाळी हा काळ वेगळ्या नियमांनी घालवायचा. सोमवार-शनिवारचे उपास, गणपती, गौरीचं जेवण, पितृपक्ष, नवरात्र, दसऱ्याचं श्रीखंड, कोजागरीचं मसाला दूध, मग फराळ. तीन महिने. या काळात नेहमीच्या वेगाने वजन उतरवायचं ठरवलं तर आठवड्यातून दोनदा अपयश पदरात पडतं आणि दिवाळीनंतर माणूस सगळंच सोडतो. त्यापेक्षा श्रावणातल्या साध्या आठवड्यांत उतरेल तेवढं उतरवा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत एकच ध्येय ठेवा: सरासरी ७५ च्या वर जाऊ द्यायची नाही. रोज १७५० ते १८०० कॅलरी. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी ७५ किंवा ७४ वर असणं हे या काळातलं यश आहे, आणि मग डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत टेकडीवर जायला पुण्यासारखी हवा कुठे नाही.

उपासाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण उगाच पडलेली नाही. एका माणसाची साबुदाणा खिचडी घ्या: ६० ग्रॅम साबुदाण्याच्या २१० कॅलरी, २५ ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १४०, तुपाचे तीन लहान चमचे १३०, अर्धा बटाटा ४०. पाचशेच्या वर गेलं, आणि साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच, त्यामुळे दोन-अडीच तासांत पुन्हा भूक. मग वेफर्स, मग राजगिऱ्याचा लाडू. उपास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही. किंवा वरीचे तांदूळ मोजून ४० ग्रॅम आणि दाण्याची आमटी पातळ. खिचडी महिन्यातून एकदा, आवडीने खा.

फराळाला आणि मोदकांना नाही म्हणू नका. उकडीचा एक मोदक तुपासकट दीडशेच्या आसपास, ४० ग्रॅमचा बेसनाचा लाडू दोनशे, पुरणपोळी तुपाबरोबर तीनशे. दिवसाला यातलं एक, जेवणाचा भाग म्हणून, पोळी-भात त्या मानाने कमी करून. अडचण लाडवाची नसते. डबा हॉलमध्ये टीपॉयवर उघडा असतो ही अडचण आहे. डबे वरच्या फळीवर ठेवा, पाहुणे आले की खाली काढा. मिठाई आणि बाकरवडी अर्धा किलोऐवजी पाव किलो आणा. समोर नसलेल्या गोष्टीसाठी इच्छाशक्ती खर्च होत नाही.

प्रथिनाचा मुद्दा मनाशी थेट जोडलेला आहे. भुकेलेला माणूस फार काळ खूश राहू शकत नाही, आणि आपल्या शाकाहारी ताटात भूक धरून ठेवणारा हा भाग सर्वांत कमी असतो. तुम्हाला रोज ६५ ग्रॅमच्या आसपास हवं. ते असं जमतं: सकाळी दोन अंडी (१२) किंवा त्याऐवजी ७० ग्रॅम पनीर, दुपारी ५० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा मुगाची उसळ (१२), रात्री ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत (१५), दिवसभरात २०० ग्रॅम दही (७), वाटीभर वरण (६), आणि उरलेलं पोळी-भाकरी, दुधातून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

व्यायामाकडून वजन उतरवायची अपेक्षा कमी ठेवा आणि ते टिकवायची जास्त. ७५ किलोच्या माणसाने ४५ मिनिटं भरभर चाललं तर बसून राहण्यापेक्षा १८० ते २०० कॅलरी जास्त खर्च होतात, म्हणजे दोन पोळ्या. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढलात तर ४०० ते ५००. वर जाऊन कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि दोन मडकी दही घेतलं की हिशेब पुरा होतो, वर थोडं जास्तच. म्हणून गड चढायचा तो गडासाठी. "आज चढलो, आता चालतं" असा व्यवहार मनात सुरू झाला की व्यायामाची गोडी जाते, तो शिक्षा किंवा मजुरी होऊन बसतो. पण उतरलेलं वजन वर्षानुवर्षं टिकवणाऱ्या लोकांची अमेरिकेत १९९४ पासून नोंद ठेवली जाते. त्यात बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात आणि आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. चालणं सोडायचं नाही ते यासाठी.

चालण्याला आठवड्यातून दोनदा ताकदीच्या व्यायामाची जोड द्या. नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं १० वेळा, भिंतीवर हात टेकून जोर १० वेळा, पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कमरेपासून वर ओढणं १२ वेळा, टाचा उचलणं १५ वेळा. अशी तीन आवर्तनं, मध्ये मिनिटभर विश्रांती, वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. दोन आठवड्यांनी सोपं वाटलं की वजन किंवा संख्या वाढवा. इथे प्रगती दर आठवड्याला दिसते. काटा हलत नसलेल्या महिन्यात मन धरून ठेवायला याचा फार उपयोग होतो.

झोप सहा तासांच्या खाली असेल तर वरचं सगळं दुप्पट कठीण जातं. अपुऱ्या झोपेत भूक वाढते, गोड-तळलेलं हवंसं वाटतं, आणि तोच आहार घेऊनही उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा कमी नि स्नायूंचा जास्त राहतो. सकाळी साडेपाचला टेकडी गाठण्यासाठी बाराला झोपून पाचला उठणं हा तोट्याचा सौदा आहे. त्यापेक्षा संध्याकाळी चाला.

एखाद्या लग्नात पोटभर, अगदी नको इतकं खाल्लं जाईल. नुकसान त्या जेवणाने होत नाही. ते "आज मोडलंच आहे तर आता पुढच्या सोमवारपासून" या विचाराने होतं. एका जेवणाच्या जास्तीच्या ८०० कॅलरी म्हणजे फार तर १०० ग्रॅम चरबी. मधले पाच मोकळे दिवस म्हणजे अर्धा किलो. दुसऱ्या दिवशी उपास करू नका, चहाबरोबर नेहमीचा नाश्ता, नेहमीचं दुपारचं जेवण. भरपाई म्हणून केलेला उपास संध्याकाळी सातला फरसाणाच्या डब्यात संपतो.

आणि आत्ता, या आठवड्यापासून, पाच महिन्यांच्या तुटीनंतर शरीर-मन दोन्ही थकलं असेल तर दोन आठवडे जाणूनबुजून विश्रांती घ्या. विश्रांती म्हणजे मोकळं रान नाही. १८०० कॅलरी, प्रथिन तेवढंच, चालणं किमान पातळीवर, वजन रोज. पहिल्या तीन-चार दिवसांत काटा अर्धा-एक किलो चढेल. ते ग्लायकोजेन आणि पाणी परत येतंय, चरबी नाही. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून तिसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहतो. दोन आठवड्यांनी सात दिवसांची वही, तेलाची बरणी, आणि (गणपती ते दिवाळी सोडून) रोज १४५० ते १५०० कॅलरी. त्याच्या खाली जाऊ नका. झटपट आहारांवर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात, आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि गेलेलं वजन परत येतं.

हे सगळं मोजून-मापून चार आठवडे केलं आणि सरासरी तरीही हलली नाही, तर डॉक्टरांकडे जा. टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व तपासा. स्टेरॉइड, इन्सुलिन, नैराश्याची आणि मानसिक आजारांची काही औषधं वजन उतरू देत नाहीत. ती मनाने बंद करायची नाहीत, पर्याय विचारायचा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोला, डोस तोच राहिला तर साखर धोकादायक उतरू शकते. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधांची इंजेक्शनं आता आपल्याकडेही मिळतात आणि योग्य माणसाला ती चांगली लागू पडतात, पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो असं अभ्यासात दिसलंय. त्यामुळे तो निर्णय काही वर्षांचा धरून घ्यावा. आणि चालायला न उठावंसं वाटणं दोन आठवड्यांहून अधिक काळ कामात, घरात, आवडीच्या गोष्टींतही पसरलं असेल, किंवा लपून भरमसाट खाणं आणि मग उलटी काढणं सुरू झालं असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.